साध्या पाण्याची रांग

विद्यापीठाने आमच्या मुलीचे मुळे पार्किंगखाली गाडले, आणि त्याच संध्याकाळी मी जेवता जेवता एक वाक्य बोलून गेलो. वाक्य साधं होतं. "एवढंच ना, आपल्या गच्चीवर लाव." जेवताना बोलू नये असं डॉक्टर का सांगतात ते मला त्यानंतरच्या काही महिन्यांत सविस्तर कळलं.

आमच्या मुलीला घरात सगळे ठकू म्हणतात. ती वनस्पतिशास्त्रात संशोधन करते. झाडांच्या वाढीची जी संप्रेरकं असतात, म्हणजे झाडांची हार्मोन्स, त्यांचा मुळ्याच्या मुळावर काय परिणाम होतो, हा तिचा विषय. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ही पोर त्या गरीब भाजीच्या मुळावर का उठली आहे, असं मला वाटलं होतं. नंतर सवय झाली. नातेवाईक विचारायचे, "मुलगी काय करते?" मी सांगायचो, "मुळ्यावर आहे." एखाद्याचा मुलगा रेल्वेत असतो, तशी आमची मुलगी मुळ्यावर.

विद्यापीठाच्या मागच्या बाजूला तिचा एक वाफा होता. त्यात सगळा प्रयोग उभा होता आणि नेमकी तिथेच कुलगुरूंच्या गाड्यांसाठी फरशी घालायचं ठरलं. ठकू पोचली तेव्हा रोलर फिरून गेला होता. प्रयोग पुन्हा केल्याशिवाय प्रबंधाचं शेवटचं प्रकरण लिहिता येणार नव्हतं, आणि जागा मागितली तर पुढच्या वर्षी बघू असं उत्तर आलं. ती घरी आली, वरणात चमचा फिरवत बसली. अशा वेळी बापाने काहीतरी बोलायचं असतं. मी बोललो.

आता गच्ची आपली म्हणायची, पण ती असते सोसायटीच्या सेक्रेटरींची. आमचे सेक्रेटरी पूर्वी विमा कंपनीत होते, त्यामुळे जगातल्या कोणत्याही वस्तूकडे पाहिलं की त्यांना आधी तिचं नुकसान दिसतं. मी त्यांच्या दारात उभा राहून विषय काढला.

"गच्चीवर मुळे लावायचे आहेत थोडे."

"मुळं स्लॅबमध्ये घुसतात," ते म्हणाले.

"मुळं नव्हे हो, मुळे. खायचे मुळे."

"म्हणजे त्यांना मुळं नसतात?"

"असतात. म्हणजे तीच असतात. मुळा हेच मूळ."

"मग मी काय म्हणतोय?" सेक्रेटरी म्हणाले आणि चष्मा काढून पुसू लागले. चष्मा पुसणं म्हणजे विषय कमिटीपुढे जाणार.

कमिटीच्या बैठकीत ठकूने फार छान समजावून सांगितलं. जिबरेलिन नावाचं एक संप्रेरक असतं, त्याने झाड उंच होतं. ऑक्सिन नावाचं दुसरं, त्याने मुळं फुटतात, जाड होतात. ही अगदी थेंबाथेंबाने द्यायची. जास्त झाली तर मुळा पोकळ होतो, भेगा पडतात, फाटे फुटतात. म्हणून किती दिलं म्हणजे मुळा लांब, भरीव आणि कुरकुरीत होईल, ते शोधायचं. मला स्वतःला ते इतकं पटलं की मी मान डोलवत राहिलो.

तेवढ्यात पुढच्या खुर्चीवरून जज्जसाहेब बोलले. हे आयुष्यभर कोर्टात नाझर होते, निकाल त्यांनी एकही दिला नाही, पण ऐकले एवढे की निवृत्त झाल्यावर त्यांना लोक जज्जसाहेब म्हणू लागले आणि त्यांनी हरकत घेतली नाही. त्यांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं.

"संगीताला माझा विरोध नाही," ते म्हणाले. "पण दुपारी वाजवू नये."

"काय वाजवू नये?"

"हार्मोनियम."

हार्मोनियम नाही, हार्मोन, हे समजावण्यात बराच वेळ गेला, आणि समजल्यावर परिस्थिती अधिकच बिघडली. इमारतीत लहान मुलं आहेत, गच्चीवर त्यांचे कपडे वाळतात, त्यांना मिशा फुटल्या तर जबाबदार कोण, असा प्रश्न मागून आला. तेव्हा आमच्या शेजारच्या सिस्टर उभ्या राहिल्या. त्या मोठ्या इस्पितळात मेट्रन होत्या आणि अजूनही त्या उभ्या राहिल्या की माणसं आपोआप जीभ बाहेर काढतात. "झाडाचं औषध झाडाला," त्या म्हणाल्या. "मिशा फुटायच्या असत्या तर शेतकऱ्यांच्या बैलांना फुटल्या असत्या." आणि परवानगी मिळाली.

परवानगीला अटी होत्या. डबे थेट स्लॅबवर टेकवायचे नाहीत, खाली विटा लावायच्या. गच्चीवरच्या नळाला हात लावायचा नाही, पाणी आपल्या घरून न्यायचं. आणि माती लिफ्टमधून न्यायची नाही. शिवाय सेक्रेटरींनी खाली फळ्यावर सूचना लावली: "गच्चीवर शास्त्रीय मुळे आहेत. हात लावू नये."

लिफ्टच्या अटीचा अर्थ मला त्या क्षणी नीट उमगला नव्हता. मी वजनमापे खात्यात आहे. दुकानदारांचे काटे तपासायचे, खरे असले तर शिक्का मारायचा, हे माझं काम. त्यामुळे वजन या विषयात माझ्याइतका अधिकारी माणूस आमच्या इमारतीत नाही. पण वजन काट्यावर असताना वेगळं असतं आणि पोत्यात भरून पाठीवर असताना वेगळं, ही तफावत आमच्या खात्याने अजून नोंदवलेली नाही. रंगाच्या दुकानातून आम्ही रिकामे डबे आणले, त्यांच्या बुडाला भोकं पाडली, आणि मग मी माती वाहू लागलो. ठकूही वाहत होती, पण ती गाणं म्हणत वर जायची आणि मी कठड्याला धरून थांबत थांबत. प्रत्येक मजल्यावर कुणी ना कुणी दार उघडून सल्ला देई. गुडघे वाकवून चढा. कमरेत वाकून चढा. तोंडाने श्वास घ्या. तोंड बंद ठेवा. शेवटी कमरेत अशी कळ आली की मी पोत्यासकट जिन्यात बसलो, आणि पुढचा आठवडा पट्टा बांधून ऑफिसला गेलो. साहेबांनी विचारलं काय झालं. मी म्हणालो, "मुळे." साहेबांनी ऐकलं मूळव्याध. त्यांनी अतिशय हळुवारपणे मला मऊ खुर्ची मागवून दिली, आणि ती परत करायचं धैर्य मला आजतागायत झालेलं नाही.

असो. मुळे उगवले. चार रांगा होत्या. पहिल्या रांगेला जिबरेलिन, दुसरीला ऑक्सिन, तिसरीला दोन्ही, आणि चौथीला नुसतं साधं पाणी. प्रत्येक रांगेपुढे ठकूने पाटी लावली होती. फवारणी सकाळी वारा पडलेला असताना करायची, पण आमच्या गच्चीवर वारा पडत नाही, तिथे तो राहायलाच आहे. एका रांगेचं औषध दुसरीवर उडू नये म्हणून ठकूने मला मध्ये चादर धरून उभं केलं. मी हात वर करून चादर धरायचो, मागे मुलगी पंप मारायची. समोरच्या इमारतीतली माणसं चहा घेत आमच्याकडे बघायची. एकदा वारा असा फिरला की चादर माझ्या तोंडाला गुंडाळली गेली आणि फवारा नेमका माझ्या टकलावर बसला.

ठकू म्हणाली, काही होत नाही बाबा, धुऊन टाका. मी धुतलं. पण ही बातमी माझ्याआधी जिन्यातून खाली पोचली होती. त्या दिवसापासून जज्जसाहेब लिफ्टमध्ये भेटले की आधी माझ्या डोक्याकडे बघायचे आणि मग नमस्कार करायचे. काही दिवसांनी त्यांनी विचारलंच, "कोणतं होतं? उंचीचं की मुळांचं?" मी म्हणालो, उंचीचं. "मुळांचं हवं होतं," ते खेदाने म्हणाले. "असलेली तरी घट्ट झाली असती."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. घोळ सुरू झाला तो त्या चौथ्या पाटीमुळे.

इमारतीतली माणसं गच्चीवर फिरायला यायची. तीन रांगांना औषध आणि एका रांगेला नुसतं पाणी, हे त्यांच्या डोळ्यांना खुपू लागलं. ठकूने प्रत्येकाला सांगितलं की ही रांग तुलनेसाठी आहे. काहीही न देता मुळा कसा होतो हे माहीत नसेल, तर देऊन काय फरक पडला ते कळणार कसं? सगळे हो हो म्हणायचे आणि जाताना त्या रांगेकडे असं बघायचे, जसं पंगतीत वाढप्याने वगळलेल्या माणसाकडे बघतात.

"म्हणजे यांना मुद्दाम उपाशी ठेवायचं," सिस्टर म्हणाल्या.

"उपाशी नाही हो, माती आहे ना त्यांना," मी म्हणालो.

"माती तर सगळ्यांनाच आहे."

आमच्या हिलाही ते पटलेलं नव्हतं. ती दोन बहिणींत धाकटी, आणि थोरलीला नवा फ्रॉक आणि हिला जुना, हे तिने लहानपणी फार सोसलेलं आहे. "तुमच्या शास्त्रात एवढी निर्दय रीत कशी?" ती ठकूला म्हणाली. ठकू हसली आणि म्हणाली, "आई, मुळ्याला काही कळत नसतं." तेवढ्यावर तो विषय तिने संपवला. आमच्या हिने मात्र संपवला नव्हता.

मग ठकूला विद्यापीठाच्या कामासाठी काही दिवस दुसऱ्या गावी जावं लागलं. फवारण्या झाल्या होत्या, फक्त पाणी घालायचं आणि लक्ष ठेवायचं. जाताना ती मला म्हणाली, "बाबा, तुमच्या भरवशावर जातेय. साध्या पाण्याच्या रांगेत साध्या पाण्याशिवाय काही जाता कामा नये."

मी खात्याच्या शिक्क्याची शपथ घेतल्यासारखा चेहरा केला. रजा टाकली. गच्चीवर खुर्ची, छत्री आणि वर्तमानपत्र नेलं. सरकारी तिजोरीवर पहारा असतो तसा पहारा दिला. त्या चार रांगांना मी डोळ्यांत तेल घालून जपलं, असं मी अजूनही म्हणतो. जेवायला मात्र खाली यावं लागायचं. आणि जेवल्यावर जरा पाठ टेकावी लागायची, कारण कंबर अजून पुरती बरी नव्हती. शिवाय सकाळी आंघोळ वगैरे असते. तेवढा वेळ सोडला तर मी सतत तिथे होतो.

ठकू परत आली. मुळे उपटायचा दिवस ठरला. तिच्या मार्गदर्शक मॅडम स्वतः येणार होत्या. इमारतीतले सगळे गच्चीवर जमले. मी ऑफिसातून माझा काटा आणला होता, कारण संशोधनाचं वजन तरी खरं असावं. मॅडम बारीक चणीच्या, अंगावर करड्या रंगाची साडी, बोलणं कमी. त्या खाली बसल्या आणि पहिला मुळा उपटला.

जिबरेलिनचा होता. वर पानांचा केवढा तरी पिसारा आणि खाली शेपटीएवढं मूळ. कापलं तर आत पोकळ. काहींना तर फुलांचे तुरे आले होते. ऑक्सिनची रांग जाड निघाली, पण निम्म्यांना दोन पाय फुटलेले, एकाने तर पायावर पाय टाकलेला. दोन्हीवाली रांग म्हणजे कमिटीच्या निर्णयासारखी होती, धड इकडची नाही, धड तिकडची नाही. ठकूने मान हलवली. मात्रा जास्त झाली होती, ती म्हणाली, तेवढी शंका तिला होतीच.

मग चौथी रांग. मॅडमनी पान धरून ओढलं, मुळा हलेना. दोन्ही हातांनी ओढलं. तो बाहेर आला तो पांढराशुभ्र, मनगटाएवढा, सरळसोट. दुसरा तसाच. तिसरा त्याहून मोठा. गच्चीवर टाळ्या पडल्या. आमच्या हिने पदराने डोळे टिपले. मी वजन करत होतो आणि काट्यावर विश्वास बसेना म्हणून पुन्हा पुन्हा करत होतो.

टाळ्या न वाजवणारी दोनच माणसं होती. ठकू आणि मॅडम.

"साधं पाणी?" मॅडमनी विचारलं.

"साधं पाणी," मी छातीवर हात ठेवून सांगितलं. "मी स्वतः पहाऱ्याला होतो."

मॅडमनी मातीची चिमूट घेऊन हुंगली. मग सावकाश सगळ्यांकडे पाहिलं. "या रांगेला आणखी कुणी काही घातलं होतं का? मी रागावणार नाही. फक्त मला कळलं पाहिजे."

सेक्रेटरींनी चष्मा काढला. शेवटी सिस्टर पुढे आल्या, कारण त्या खोटं बोलत नाहीत. "मी बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या विरघळवून घालत होते," त्या म्हणाल्या. "सकाळी, ठकूचे बाबा आंघोळीला जायचे तेव्हा."

जज्जसाहेब खाकरले. "माझ्याकडे माशांची टाकी आहे. तिचं पाणी बदलावं लागतं. ते कुठेतरी ओतायचंच असतं. यांच्या जेवणाच्या वेळी."

सेक्रेटरींनी चष्मा लावला. खालच्या बागेसाठी आणलेलं सोसायटीचं खत थोडं उरलं होतं, ते फुकट जाऊ नये एवढाच हेतू होता, असं त्यांनी सांगितलं. आणखी कुणी अंड्याची टरफलं, कुणी चहाचा चोथा. मी प्रत्येक वाक्यागणिक लहान होत होतो. आणि मग आमची ही म्हणाली, "दुधाची पिशवी विसळलेलं पाणी मी रोज टाकत होते. त्यात काय एवढं? दूधच आहे."

"आणि तुम्ही?" मॅडमनी मला विचारलं.

"मी काही घातलं नाही," मी म्हणालो. "फक्त बोलत होतो त्यांच्याशी."

"काय बोलत होता?"

"हेच, की मनाला लावून घेऊ नका."

मॅडमच्या ओठाचा एक कोपरा हलला असं मला वाटलं. पण त्यांनी ठकूला स्पष्ट सांगितलं, की ही रांग तुलनेला चालणार नाही आणि ही रांग नाही तर बाकीच्या तीन रांगांनाही अर्थ नाही. मुदत थोडी वाढवून मागता येईल. पुन्हा करावं लागेल.

सगळे गुपचूप खाली गेले. कुणीही कुणाकडे बघत नव्हतं. ठकू वरच राहिली. घरी कुणी जेवणाचं नाव काढेना, तेव्हा मी पुन्हा गच्चीवर गेलो. ती एका उपड्या डब्यावर बसली होती आणि तो मनगटाएवढा मुळा हातात धरून त्याच्याकडे बघत होती. मी शेजारच्या डब्यावर बसलो. काय बोलावं हे मला सुचत नव्हतं, आणि मागच्या वेळी सुचलं होतं त्याचा परिणाम समोरच होता.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "पहारा नीट दिला नाही."

"तुम्ही जेवायचं नाही का, बाबा?" ती म्हणाली. मग मुळ्याला लागलेली माती नखाने काढत बसली. लहानपणी ठकूचं खेळणं मोडलं तर मी दुरुस्त करायचो, निदान दुरुस्त केल्यासारखं करायचो. इथे काय दुरुस्त करणार? आणि एकदम ती हसायला लागली.

"रागावू तरी कुणावर?" ती म्हणाली. "सगळ्या इमारतीला मुळ्यांची दया आली. बी कॉम्प्लेक्स, बाबा. मुळ्याला."

"मेट्रन होत्या त्या," मी म्हणालो.

"चूक माझीच आहे. मी पाटी लावली. कुणाला काय मिळतंय हे दिसलं, म्हणून दया आली. दिसलंच नाही तर?" ती उठून उभी राहिली. तिचा चेहरा पाहून मला कळलं की मला पुन्हा माती वाहायची आहे.

दुसऱ्या खेपेला तिने इमारतीतल्या प्रत्येक घराला आपापले डबे दिले आणि प्रत्येकाला एक बाटली. बाटलीवर फक्त आकडा. आत काय आहे हे तिला आणि मॅडमनाच माहीत. फवारायचं कधी, किती, हे तिने सगळ्यांना हातात पंप देऊन शिकवलं. या वेळी मात्रा खूप कमी केली होती. आणि शेवटी म्हणाली, "तुमच्या बाटलीत संप्रेरक असेल आणि तुम्ही वरून दुसरं काही घातलंत, तर सगळा परिणाम वाया जाईल. बघा बुवा."

ही मात्रा मात्र बरोबर लागू पडली. कारण आपल्या बाटलीत साधं पाणी असेल असं इमारतीतल्या एकाही माणसाला वाटलं नाही. साधं पाणी शेजाऱ्याला. प्रत्येक जण आपल्या डब्याला असा जपू लागला की दूध, गोळ्या, टरफलं सगळं बंद. जज्जसाहेबांनी माशांचं पाणी मुकाट्याने मोरीत ओतलं. सेक्रेटरींनी माती लिफ्टमधून न्यायला परवानगी दिली, कारण या वेळी त्यांना स्वतःची न्यायची होती.

आमच्या घरात मी माझा डबा कुणालाही देणार नाही असं जाहीर केलं. आणि मुळा वाढू लागला तशी माझी खात्रीच पटली. काय ती पानं, काय तो रंग. मागच्या खेपेचा अनुभव असल्याने इमारतीत या विषयावर बोलायचा अधिकार माझ्याकडेच होता, तो मी वापरू लागलो. "ही जिबरेलिनची लक्षणं," मी माझ्या मुळ्याकडे बोट दाखवून लोकांना सांगत असे. "कमी मात्रेत दिलं की असं होतं. पानाचा देठ बघा. साध्या पाण्यावर असा देठ जन्मात होत नाही." लोक आपापले डबे दाखवायला मला बोलवू लागले. मी देठ चिमटीत धरायचो, डोळे बारीक करायचो आणि निदान सांगायचो. सिस्टरना मी ऑक्सिन दिलं. सेक्रेटरींना अर्थातच साधं पाणी.

जज्जसाहेबांचा मुळा जरा खुरटा दिसत होता. ते रोज सकाळी त्याच्यासमोर हात मागे बांधून उभे राहत. मला वाईट वाटलं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमच्या वाट्याला पाणी आलंय," मी म्हणालो. "प्रयोगात कुणाच्या तरी वाट्याला ते यावंच लागतं. त्यात कमीपणा नाही."

"तुम्हाला नक्की माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

"देठावरून कळतं."

ठकू जवळच पानं मोजत होती. तिचे खांदे हलत होते, पण मला वाटलं ऊन लागत असेल.

मॅडम पुन्हा आल्या. या वेळी गच्चीवर टेबल मांडलं होतं, काटा, फूटपट्टी, सुरी, आणि दुर्बिणीच्या पिल्लासारखी एक नळी. तिच्या काचेवर रसाचा थेंब टाकून उजेडाकडे धरलं की त्यातली साखर दिसते. जज्जसाहेबांनी ती डोळ्याला लावून समोरच्या इमारतीकडे बघितलं आणि काही दिसत नाही असा अभिप्राय दिला. मग एकेक मुळा आला. वजन मी केलं. लांबी, जाडी, आतून भरीव की पोकळ, भेग, फाटा, कडकपणा, सगळं ठकूने पाहिलं. प्रत्येक मुळा उभा चिरून अर्धा तपासणीच्या पिशवीत गेला, अर्धा टेबलावर राहिला. सगळं झाल्यावर मॅडमनी पर्समधून बंद पाकीट काढलं, फोडलं आणि कुणाच्या आकड्याच्या बाटलीत काय होतं ते वाचू लागल्या.

सिस्टर, जिबरेलिन. त्यांचा मुळा लांब होता, पण मधोमध जरा भेंडासारखा भुसभुशीत झाला होता. सेक्रेटरी, ऑक्सिन. जाड आणि भरीव, एक बारीक भेग. जज्जसाहेबांचा तो खुरटा दिसणारा मुळा वरून नुसता दिसायला तसा होता. मातीतून निघाला तेव्हा तो वजनात सगळ्यांच्या वर होता, आतून घट्ट. "दोन्ही," मॅडमनी वाचलं. जज्जसाहेबांनी मला नमस्कार केला. या वेळी डोक्याकडे न बघता.

मग माझा आकडा आला.

"साधं पाणी," मॅडम म्हणाल्या.

गच्चीवरचा वारासुद्धा पडला. मी माझ्या मुळ्याकडे पाहिलं. मध्यम लांबीचा, मध्यम जाडीचा, कुठेही डाग नाही, फाटा नाही, आतून दुधासारखा पांढरा. अतिशय सभ्य मुळा. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण देठाविषयी बोलणं आता बरं दिसलं नसतं.

"साध्या पाण्याच्या डब्यांत या वेळी काहीही मिसळलेलं नाही," मॅडम ठकूला म्हणाल्या. "सगळे एकमेकांच्या जवळपास आले आहेत. तुलना स्वच्छ झाली. आता प्रकरण लिही." एवढंच. पण ठकूने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि आमची ही तिला मिठी मारायला धावली, त्यात टेबल हललं आणि काही मुळे खाली पडले. मी ते वाकून गोळा केले. कंबर बरी झाली होती.

ठकू माझ्याजवळ आली. तिचे डोळे ओले होते. "वाईट वाटलं, बाबा?"

"छे," मी म्हणालो. "मला वाईट वाटायचं कारण काय? पण देठ तसा चांगला होता."

"सगळ्यात मुळ्यासारखा मुळा तुमचाच होता," ती म्हणाली. "तो तसा झाला म्हणून बाकीचे कसे झाले ते कळलं."

हे समजुतीचं होतं की कौतुकाचं, याचा मी विचार करत होतो, तेवढ्यात सिस्टरनी टेबलाकडे बोट केलं. "या उरलेल्या अर्ध्यांचं काय करायचं? भाजी होईल चांगली."

"नाही," ठकू म्हणाली. "प्रयोगात फवारलेलं खायचं नाही, असा आमचा नियम आहे. ते सगळं टाकून द्यायचं." सगळ्यांचे चेहरे पडले. इतके दिवस जीव लावलेला. ठकू थांबली आणि म्हणाली, "फक्त साध्या पाण्याचे खाता येतील."

इमारत माझ्याकडे वळली. माझ्याच प्रकारच्या बाटल्या आणखी काही घरांत निघाल्या होत्या, आणि ती माणसं क्षणापूर्वी कठड्याशी जाऊन दूर बघत होती. आता ती टेबलाशी आली, सावकाश, हात पुसत. आमच्या हिने घरून बशी आणि मीठ आणलं. ठकूने माझा अर्धा मुळा धुतला आणि पातळ चकत्या केल्या. सुरीखाली त्याचा जो आवाज झाला तो मी कुठल्याही काट्यावर मोजू शकलो नसतो.

मी पहिली चकती मीठ लावून तोंडात टाकली. क्षणभर काही नाही. मग नाकातून कानापर्यंत काहीतरी सणसणत गेलं आणि डोळ्यांना धारा लागल्या. पण सगळे बघत होते, म्हणून मी शांतपणे चावत राहिलो आणि मान डोलावली.

जज्जसाहेब पुढे आले. त्यांचा सगळ्यात वजनदार मुळा टेबलाच्या त्या टोकाला कचऱ्याच्या पिशवीत चालला होता. त्यांनी तो जाताना पाहिला, मग माझ्या बशीकडे पाहिलं.

"एक फोड मिळेल का?" त्यांनी विचारलं.

मी बशी पुढे केली. त्यांनी एक चकती घेतली, दाताखाली धरली आणि पुरावा ऐकावा तशी चघळली. हळूहळू त्यांचे डोळे भरून आले. नाक लाल झालं. त्यांनी खिशातून रुमाल काढला.

"फार तिखट आहे हो," ते म्हणाले. "काय होतं याच्यात?"

"साधं पाणी," मी म्हणालो, आणि बशी पुन्हा त्यांच्यापुढे धरली.